तात्यांचा उजवा डोळा

साताऱ्याच्या आमच्या कॉलनीत तात्यांच्या शेजारी बसून चहा प्यायची हिंमत कुणी करत नाही. प्यायचाच असेल तर समोर बसायचं, तेही हातभर लांब, आणि कप छातीशी धरून. कारण तात्या हातांनी बोलतात.

हातवारे करतात असं मी म्हटलेलं नाही. हातवारे आपण सगळेच करतो. तात्यांच्या तोंडातून 'पाऊस' हा शब्द बाहेर पडायच्या आधी त्यांची दहाही बोटं वरून खाली बरसलेली असतात. 'म्हैस' म्हणायचं तर आधी डोक्यावर शिंगं उगवतात. 'मेव्हणा' म्हणायचं तर ओठावर नसलेल्या मिशीला पीळ बसतो. या सगळ्या गडबडीत शेजारच्याची बशी उडते, आणि तात्या म्हणतात, "सांडलं व्हय? असू दे गड्या, तू ऐक." माझ्या निम्म्या शर्टांवर तात्यांच्या बोलण्याचे डाग आहेत. बायको ते धुताना तात्यांचं नाव घेते. चांगल्या अर्थानं नाही.

फोनवरही तेच. फोन कान आणि खांद्याच्या बेचक्यात दाबायचा आणि दोन्ही हात मोकळे सोडायचे. एकदा मी म्हटलं, "तात्या, पलीकडच्या माणसाला तुमचे हात दिसत नाहीत."

"त्याला दिसत न्हाईत, खरं हाय," तात्या म्हणाले, "पर मला बोलाय यायला नको व्हय?"

तात्या मूळचे कोरेगावकडचे. उभा जन्म त्यांनी एसटी चालवली. आता विचार करा, दोन्ही हात स्टेअरिंगला अडकलेले, म्हणजे तोंडही बंदच. गाडी चालू असेपर्यंत तात्यांच्या तोंडून एक अक्षर निघत नसे. नव्या कंडक्टरांना वाटायचं, काय घमेंडी माणूस आहे! मग स्टँड यायचा, तात्या हँडब्रेक ओढायचे आणि साठलेलं सगळं एका दमात बाहेर यायचं. चहाच्या गाडीवर कंडक्टर अर्थातच शेजारी उभा असे. तो नवा असे.

"ड्रायव्हरशी बोलू नये अशी पाटी असती बघ गाडीत," तात्या मला सांगायचे, "ती पाशिंजरासाठी न्हवती रं. माझ्यासाठी व्हती. सरकारला माझी लय काळजी."

ही सवय तात्यांना लागली ती काकींमुळं, म्हणजे त्यांच्या बायकोमुळं. काकी जन्मापासून ऐकत नाहीत आणि बोलत नाहीत. म्हणजे तोंडानं. हातांनी बोलायला लागल्या की तात्यांसारखे चार उभे केले तरी त्या पुरून उरतील. कुठल्या शाळेत शिकलेली भाषा नाही ही. लग्नानंतर दोघांनी घरातल्या घरात, चुलीपुढं आणि गोठ्यात, एकेक शब्द करत बनवली. माणसांनाही त्यात खुणा आहेत. काकींच्या पलूसच्या भावाला मिशीचा पीळ. फौजेतल्या मुलाला कपाळावर सलाम. माझी खूण कोणती, हे तात्या कधी सांगत नाहीत; पण मी दारात दिसलो की काकी पोटावरून गोल हात फिरवतात आणि तोंडाला पदर लावून हसतात. मी समजायचं ते समजलो आहे.

लग्नाच्या वेळी लोकांनी तात्यांना सांगून पाहिलं म्हणे की पोरगी बोलत नाही, विचार कर. तात्या म्हणाले, "मग काय झालं? दोघांचं मी एकटा बोलीन."

बोलले असतील, पण जिंकले मात्र कधी नाहीत. त्यांची भांडणं म्हणजे आमच्या कॉलनीची करमणूक होती. काकी वर गच्चीत वाळवण करत असायच्या, तात्या खाली अंगणात. वरून दोन हात, खालून दोन हात, आवाज शून्य. आम्ही आपापल्या खिडक्यांतून बघायचो. विषय कळायचा नाही, निकाल कळायचा. काकींनी शेवटचं एक बोट नाचवलं आणि पाठ फिरवली की खटला संपला. त्यांच्या पाठीशी कसं भांडणार? मग तात्या धोतर सावरत जिना चढून वर पळायचे, काकींच्या समोर जाऊन उभे राहायचे आणि उरलेला मुद्दा मांडायचे. तोवर काकी पुन्हा पाठ फिरवायच्या. अख्ख्या गच्चीला प्रदक्षिणा व्हायची.

आणि मग ही भांडणं हळूहळू थांबली.

आधी आम्हाला वाटलं, वयानं समजूत आली. पण काकींचे हात दिवसेंदिवस मोठे व्हायला लागले होते. म्हणजे बोलणं मोठं. पूर्वी बोटाच्या पेरावर व्हायचं ते आता खांद्यापासून हात फिरवून व्हायचं. बोलायचं असलं की काकी तात्यांना ओढत उन्हात न्यायच्या. एकदा त्यांनी दूध उतरवायला सांगितलं, तर तात्या पुढचं दार उघडून पाहुण्यांची वाट बघत बसले. दूध गेलं, पातेलं गेलं, पाहुणे काही आले नाहीत.

तात्यांच्या डाव्या डोळ्यात लहानपणी विटी बसलेली. त्या डोळ्याला उजेड आणि अंधार एवढाच फरक कळतो. सगळा संसार उजव्या डोळ्यावर, आणि उजव्यात मोतीबिंदू.

एकदा दिवेलागणीला मी त्यांच्याकडे शिडी परत द्यायला गेलो. दोघं पायरीवर बसलेली. काकी काहीतरी सांगत होत्या, चांगलं लांबलचक, आणि तात्या जोरजोरात मान हलवत होते. काकी थांबल्या. पुन्हा एक खूण केली. ती विचारणा होती, हे मलासुद्धा कळलं. त्याला हो-नाहीचं उत्तर नव्हतं. तात्यांनी परत मान हलवली. काकींनी क्षणभर त्यांच्याकडे बघितलं आणि आपले दोन्ही हात मांडीवर ठेवून दिले.

काकी आत गेल्यावर तात्या मला म्हणाले, "दिसत न्हाई गड्या. बोट कुठलं, तळवा कुठला, कायबी उमगत न्हाई. आपली मान हलवतो."

"मग ऑपरेशन करून घ्या की! आजकाल सकाळी जाऊन दुपारी घरी येतात लोक."

"पिकू दे अजून."

"तात्या..."

"दोन अस्तं तर एक दिला अस्ता डॉक्टरला, म्हणलं अस्तं कर काय करायचं ते. हाय एकच. त्यो बी गेला, तर ती कुणाशी बोलंल रं?"

मी शिडी भिंतीला टेकवली आणि घरी आलो. उत्तर आलं ते पलूसहून, एसटीनं, मिशीला पीळ देत. काकींच्या भावानं सांगलीला एका डोळ्यांच्या दवाखान्यात दोन्ही डोळे करून घेतले होते आणि तेव्हापासून तो ज्याच्या त्याच्या घरी जाऊन सुईत दोरा ओवून दाखवत होता. आमच्याकडेही त्यानं ओवला. मग तात्यांपुढं बसला, लांब, कप छातीशी धरून.

"दाजी, पिकू दे म्हंजे? त्यो काय द्राक्षाचा घड हाय? लय पिकला तर काढाय अवघड जातंय, डॉक्टरच म्हणल्यात. द्राक्षाचं आमाला सांगा, डोळ्याचं त्यांना करू द्या."

काकी उभ्याच होत्या. त्यांनी भावाकडे बघितलं, तात्यांकडे बघितलं आणि तात्यांची पिशवी भरायला घेतली. खटला संपला.

मुलगा सीमेवर, म्हणून गाडी माझी. ठरलेल्या दिवशी पहाटे तात्यांना डोक्यावरून अंघोळ घातली गेली, कारण नंतर बरेच दिवस डोक्यावर पाणी घ्यायचं नसतं. डोळ्यात घालायचे थेंब आधीपासून सुरू होते. रक्तदाबाची गोळी, हलका नाश्ता, सगळं दवाखान्यानं सांगितल्याप्रमाणे. कराडपर्यंत तात्या माझ्या शेजारी बसून पायानं नसलेला ब्रेक दाबत होते. बोलत नव्हते. हात मोकळे असूनही बोलत नव्हते, तेव्हा मला जरा भीती वाटली.

सांगलीत दवाखान्यात शिरल्यावर मात्र कळी खुलली, कारण तिथं प्रत्येकजण त्यांच्याशी बोलायला लागला. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, "नाव काय आजोबा? ऑपरेशन कुठल्या डोळ्याचं?" तात्यांनी सांगितलं. रक्तदाब मोजणाऱ्यानं तेच विचारलं. थेंब घालणाऱ्या सिस्टरनं तेच विचारलं. हिरवा गाऊन आणि टोपी घालणाऱ्या मावशींनी पुन्हा तेच.

"आयला," तात्या मला म्हणाले, "हितं कुणालाच ठावं न्हाई व्हय कुठला डोळा कापायचा? परत घरी जाऊ या का?"

सिस्टर हसल्या. "आजोबा, आम्ही मुद्दाम सगळ्यांना विचारतो. चूक नको म्हणून." आणि त्यांनी तात्यांच्या उजव्या भुवईच्या वर एक चिकटपट्टी लावली. तात्यांनी ती बोटानं चाचपली. "आता कसं! गाडीला पाटी लागली."

मग थेंब. थोड्या थोड्या वेळानं थेंब. डोळ्याची बाहुली मोठी करायला हे लागतात, असं सिस्टरनी समजावलं. भिंतीलगत बाकावर सगळे हिरव्या टोपीतले म्हातारे ओळीनं बसलेले, डोळे मिटून, जशी काही पंगत बसली आहे आणि वाढपी यायचा आहे. तात्यांना ही शांतता सोसवेना. शेजारी तासगावचे एक आजोबा थरथरत होते. तात्या त्यांना म्हणाले, "घाबरू नका ओ. कायबी कळत न्हाई. इंजेक्शन न्हाई, टाका न्हाई, डोळ्यात थेंब घालून बधिर करत्यात, बारीक भोक पाडून आतलं जुनं काढत्यात आणि नवं भिंग बसवत्यात. चहा निवायच्या आत बाहेर."

"तुमचं झालंय वाटतं आधी?" आजोबांनी विचारलं.

"न्हाई, मी बी आजच!" तात्या म्हणाले, आणि 'भिंग' पुन्हा बसवून दाखवताना आजोबांची टोपी पार दाराशी जाऊन पडली.

काकी समोरच्या बाकावर होत्या. त्यांनी तात्यांना काहीतरी खूण केली. थेंबांनी तात्यांचा डोळा आता पुरता धुरकटला होता. त्यांनी मान हलवली. काकी उठून त्यांच्या शेजारी येऊन बसल्या. इतक्यात तात्यांचा पुकारा झाला.

आतली हकिकत मला सिस्टरनी सांगितली. तात्यांकडून ऐकलेली दीडपट लांब आहे, म्हणून सिस्टरची देतो.

टेबलावर आडवं झाल्यावर तात्यांच्या तोंडावरून एक निर्जंतुक कापड घातलं; त्याला फक्त डोळ्यापुरती खिडकी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजोबा, वरच्या दिव्याकडे बघत राहा. डोकं हलवायचं नाही. हात खालीच ठेवायचे. काही वाटलं तर तोंडानं सांगा."

"सांगतो की," तात्या म्हणाले, आणि दोन्ही हात वर आले. कापड बाद. नवीन कापड घातलं.

"आजोबा, हात नाही आणायचे वर."

"मी न्हाई वो आणत, त्येच येत्यात," तात्या म्हणाले, आणि हात परत वर. दुसरं कापड बाद.

शेवटी सिस्टरनी हळूच मऊ पट्ट्यांनी हात टेबलाला बांधले. तात्या गप्प झाले. एवढे गप्प झाले की यंत्रावर रक्तदाब चढायला लागला. काय होतंय, विचारलं तर तोंड उघडायचं, शब्द येईना. डॉक्टरीणबाईंनी पट्ट्या सोडायला सांगितल्या आणि दार उघडून बाहेर आल्या.

"यांच्या घरचं कोण आहे?"

मी उठलो. सगळं ऐकलं आणि मला हसू आवरेना. डॉक्टरीणबाई हसत नव्हत्या. "असं हलत राहिले तर मी डोळ्याला हात लावणार नाही," त्या म्हणाल्या. "एकच डोळा आहे त्यांना. मी धोका नाही पत्करणार. आज परत न्या, नाहीतर काहीतरी उपाय सांगा."

परत नेले तर तात्या पुन्हा या दारात पाय ठेवणार नाहीत, हे मला लख्ख दिसत होतं. मी काकींकडे वळलो. मला त्यांची भाषा येत नाही. मी तात्यांसारखे दोन्ही हात हवेत उडवून दाखवले, मग डोळ्याकडे बोट केलं, मग नकाराची मान हलवली. दवाखान्यातले सगळे माझ्याकडे बघत होते. काकींनी माझा तमाशा पुरता बघितला, पदर खोचला आणि सरळ आतल्या दाराकडे निघाल्या.

डॉक्टरीणबाई दारातून बाजूला झाल्या. मग म्हणाल्या, "सिस्टर, यांना हात धुवायला लावा. गाऊन, टोपी, मास्क. पायाच्या बाजूला स्टूल द्या."

काकी स्टुलावर बसल्या आणि कापडाखाली हात घालून त्यांनी तात्यांची दोन्ही मनगटं धरली. त्यांच्या घरात याचा एकच अर्थ आहे, तात्यांनीच मला नंतर सांगितलं. भांडणात तात्या फारच सुटले की काकी त्यांची मनगटं धरतात. तोंडावर हात ठेवल्यासारखंच ते. आता तू गप्प, आता मी.

हात निवांत खाली पडले. यंत्रावरचा आकडा उतरला. मग खरोखरच चहा निवायच्या आत सगळं झालं.

तात्या चालत बाहेर आले. उजव्या डोळ्यावर पारदर्शक प्लास्टिकची वाटी, आत पट्टी. हातात चहा आणि बिस्कीट दिलं तर म्हणाले, "आत काय लायटिंग हाय रं! लाल, निळं, पिवळं. आमच्या गावच्या जत्रंत एवढं नसतंय."

सिस्टर सूचना सांगायला लागल्या. डोळा चोळायचा नाही, वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही, उजव्या कुशीवर झोपायचं नाही, थेंब वेळेवर. "आणि आजोबा, हात तोंडाच्या वर न्यायचे नाहीत."

"मग पाऊस कसा म्हणू?"

"पट्टी निघेपर्यंत पाऊस पडू देऊ नका," सिस्टर म्हणाल्या.

मुक्काम पलूसला, मेव्हण्याकडे. चांगला डोळा पट्टीखाली, म्हणजे तात्यांना पुरता अंधार. झोपेत हात डोळ्याकडे जाईल म्हणून काकी मनगट धरून उशाशी बसून होत्या, असं मेव्हण्यानं मला सकाळी सांगितलं. सांगताना त्यानं मिशीला पीळ दिला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा दवाखाना. डॉक्टरीणबाईंनी वाटी काढली, पट्टी काढली, कापसानं डोळा पुसला. "हळू उघडा. काय दिसतंय?"

तात्यांनी डोळा उघडला, मिटला, परत उघडला. डॉक्टरीणबाईंकडे टक लावून बघितलं. "बाई," ते म्हणाले, "तुमी एवढ्या तरण्या हाय व्हय? बरं झालं काल दिसत न्हवतं. न्हाईतर टेबलावरनं उठून पळालो अस्तो."

मग भिंतीवरची अक्षरं वाचून झाली. वरची मोठी, मधली, खालून दुसऱ्या ओळीत जरा अडखळले. "उत्तम," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "अजून सुधारेल."

पण तात्यांचं लक्ष नव्हतं. काकी दाराशी, खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला उभ्या होत्या. त्यांनी हात वर केला नाही, खांद्यापासून फिरवला नाही. पोटाजवळ, पदराच्या आडोशाला, नुसती दोन बोटं हलवली. इतकी बारीक खूण, की मला ती आहे हेही उशिरा कळलं.

तात्या बघत राहिले.

मग तात्यांनी गालावरून हात फिरवला आणि मोठ्यानं म्हणाले, "आता हितं दाढी कुठं करू? घरी गेल्यावर करतो की!"

सिस्टर तोंड फिरवून कपाटात काहीतरी शोधायला लागल्या. त्या कपाटात काही नव्हतं.

पलूसला जेवल्याशिवाय मेव्हण्यानं सोडलं नाही, आणि द्राक्षांची पेटी ठेवल्याशिवाय गाडीचा दरवाजा लावू दिला नाही. निघायला संध्याकाळ झाली. मी पुढचं दार उघडलं, तर तात्या मागं जाऊन बसले, काकींच्या शेजारी.

"तात्या, पुढं या की. मागं खड्डे जास्त लागतात."

"लागू दे. पुढं नुसता रस्ता दिसतोय."

काकींनी सुरुवात केली. सुरुवातीला तात्या मला सगळं सांगत होते. "ती म्हणती, तुझी बायको हळदीकुंकवाला आलती, तवा मला तिची साडी दिसली न्हवती. लय भारी व्हती म्हणं. ... ती म्हणती, पोरगं सुट्टीवर आलं तवा वाळलं व्हतं, आणि मी बरं दिसतोय म्हणलो. तवापासनं रागावलीया. ... ती म्हणती, तू शिडी आणून दिलीस त्या दिवशी तिनं काय इचारलं व्हतं..." एवढं बोलून तात्या थांबले. त्यापुढचं त्यांनी मला सांगितलं नाही. त्यानंतर मागून आवाजच आला नाही. बांगड्या तेवढ्या किणकिणत होत्या.

उंब्रजच्या अलीकडे दिवस मावळला. बांगड्या थांबल्या.

"सुधीर," तात्या म्हणाले, "आतला दिवा लाव रं. तिचं अजून संपलं न्हाई."

आतला दिवा लावून हायवेवर गाडी चालवणं म्हणजे काय, हे चालवणाऱ्यालाच कळतं. समोरच्या काचेत बाहेरचा रस्ता निम्मा दिसतो आणि निम्मी दिसते आपलीच गाडी. मला त्या काचेत, ट्रकच्या लाल दिव्यांवर, चार हात दिसत होते. कधी दोन बोलायचे, कधी दोन. कधी चारही एकदम, एकमेकांना तोडत. मी वेग कमी केला आणि डावी लेन धरली. मागून हॉर्न वाजत राहिले.

साताऱ्यात वळायचा शेंद्र्याचा फाटा आला. तिथून आमचं घर अगदी जवळ. मी फाटा सोडून दिला. वाढे फाट्यावरून वळून यायला चांगलाच फेरा पडतो. पडू दे म्हटलं. मागं दोघं बोलत होती.